करूबोडीचे तेरा शब्द

डोमाजी,

तुम्ही गेल्याला आज अकरा दिवस झाले. करूबोडी तलावाची मोका पाहणी, म्हणजे जागेवरची सरकारी पाहणी, परवा, सोमवारी आहे. पाहणीचे साहेब सकाळी नऊला तलावाच्या बांधावर, पाळेवर, येणार आहेत. तुमच्या टोल्याच्या, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीच्या, चोवीस घरांना त्या तलावात पुढेही हक्काने मासे धरता येतील की नाही, हे या पाहणीनंतर ठरेल. पाळेवर सगळ्यांच्या पुढे चालून एकेक जागा दाखवायचं काम तुमचं होतं. तसं टोल्याच्या हक्काच्या अर्जात लिहिलं आहे. तुमचं नाव अजून खोडलेलं नाही.

तुमच्या निधनाची बातमी मी लिहावी असं आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात ठरलं होतं. मी नाही म्हणालो, दुसऱ्याने लिहिली. तीन ओळी आल्या आणि त्यात तुमचं वय चुकलं. ते तुम्हालाही नक्की माहीत नव्हतं, म्हणून दुरुस्ती कोणी मागितली नाही.

तुम्हाला जे सांगायचं राहून गेलं, ते आधी लिहितो. तीन वर्षांपूर्वी करूबोडीवरच्या माझ्या लेखातून एक ओळ गेली. ती डेस्कने कापली असं मी तुम्हाला सांगितलं होतं. डेस्कने कापली नव्हती. मी कापली होती.

आपली ओळख गोरेगावच्या बाजारात झाली. तुम्ही टोपलीत मुरेल मासे घेऊन बसला होतात. जिल्ह्यातल्या तलावांवर दर रविवारी लेख लिहायचं काम तेव्हा मला नुकतंच मिळालं होतं. मासे कोणत्या तलावाचे, असं मी विचारलं. तुम्ही माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलंत.

"सांगून का होते? चाल, दाखवतो. पन आधी मासे विकू दे."

मासे दुपारी दोनला संपले. मी तोवर तिथेच उभा होतो. पुढची पाच वर्षं माझे बहुतेक रविवार तुमच्या मागे चालण्यात गेले. मी तुम्हाला "तुम्ही" म्हणत असे, तुम्ही मला पहिल्या दिवसापासून "तू" म्हटलंत. माझं नाव तुम्ही कधी घेतलं नाही. मी "पेपर" होतो. "ए पेपर, पाय पाहून टाक." "पेपर, पानी आनलास का?"

तलाव पाहायचा म्हणजे पाणी पाहायचं, असा माझा समज होता. तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभे राहायचात. पाळेच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरायचात, चपला काढून गवतात चालायचात आणि माती कुठे ओली लागते ते पायांनी तपासायचात. ओल लागली की थांबून वर बोट दाखवायचात. पाळ तुमच्या बोलीत पार. कोणत्याही गावात तुमचा पहिला प्रश्न तोच असे: पार कोण बांधते?

सालेकशाच्या पुढे एका गावात तुम्ही हाच प्रश्न मोह वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारला होता. तिने आपल्या दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी कोन जी? सरकारी का?"

"नाई जी. मी ढिवर होय. अना हा पेपर."

"पेपर होय? मंग काउन रिकामा फिरून राहिला? भजे बांधाले कामात येते."

तुम्ही इतके हसलात की खाली बसलात. नंतर तिने चहा केला, पाळ कोण बांधतं तेही सांगितलं आणि जाताना मला म्हणाली, लिवजो बरोबर. त्या लेखात मी भज्यांचा उल्लेख केला होता. तिचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं. ते तुम्ही परतीच्या एसटीत दाखवून दिलंत आणि दोन स्टॉप माझ्याशी बोलला नाहीत.

त्याच भागात आपल्याला अस्वल दिसलं होतं. उजाडून थोडाच वेळ झाला होता. मोहाच्या झाडाखाली आधी ते मला गवताचा ढीग वाटलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. ढीग हलला. आपल्यात आणि त्यात वीसेक पावलं होती. ते फुलं चाटत होतं, त्याचा आवाज येत होता. मला पळायचं होतं, तुमची पकड सैल होत नव्हती. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. माझ्या नोंदीतला बहुधा तेवढाच एक प्रसंग वेळेशिवाय आहे. अस्वलाने मान वर केली, आपल्या दिशेने हुंगलं आणि ते नाल्यात उतरून गेलं.

तुम्ही माझं मनगट सोडलंत. माझ्याकडे न पाहता तुम्ही म्हणालात, "आता लिवशील, अस्वल भेटला मनून. तो तुले भेटाले नोहता आला. मोह खाले आला होता. तसाच लिव."

मी तसंच लिहिलं. त्या वेळी मला ते साधं वाक्य वाटलं होतं.

करूबोडीला तुम्ही मला दोन वर्षं नेलं नाहीत. नागझिऱ्याच्या अंगाचे तलाव पाहून झाले, कागदावर नाव नसलेल्या कितीतरी बोड्या, म्हणजे लहान तळी, झाली, पण तुमच्या टोल्याला लागून असलेला तलाव राहिला होता. मी विचारलं तर म्हणायचात, "तो घरचा होय. घरचा मांगून." शेवटी एका मे महिन्यात नेलंत. नाव बोडी असलं तरी आकाराने तो चांगला मोठा तलाव आहे. पाणी मागे हटून मध्यभागी उरलं होतं. उघड्या पडलेल्या तळात काकड्या, कारली, डांगरं यांचे वेल पसरले होते. तिथे राबणारे सगळे पलीकडच्या मोठ्या गावचे शेतकरी होते. त्यांच्यातल्या टेकचंदभाऊंनी आपल्याला काकडी दिली. तुम्ही ती गुडघ्यावर मोडलीत, अर्धी मला दिलीत आणि सांगायला लागलात.

तलाव टोल्याचा. पाणी हटलं की मोठ्या गावचे शेतकरी तळात पेरतात. पेरण्याआधी ते टोल्यात येतात, अंगणात बसतात आणि विचारतात. विचारल्याशिवाय कोणी पेरत नाही, आणि विचारल्यावर टोला कधी नाही म्हणत नाही. बदल्यात पैसा घेत नाही, भाजी घेत नाही. वेल निघाले की प्रत्येक पेरणाऱ्याने तळाची माती टोपलीने उचलून पाळेवर टाकायची. त्यामुळे तळ खोल राहतो, पाळ मजबूत राहते. पाळ राहिली तर मासे, आणि मासे तर टोला.

"लिवलास का?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचून दाखवलं. टेकचंदभाऊ शेजारीच उभे होते. तेही म्हणाले, "हौ, बरोबर है." ते वहीचं पान माझ्याकडे आहे. त्यावर काकडीच्या पाण्याचा डाग आहे आणि शाई थोडी फुटली आहे, पण वाचता येतं.

लेख सोमवारी लिहिला. त्यात असं वाक्य होतं: मोठ्या गावचे शेतकरी उन्हाळ्यात तलावाच्या तळात भाजीपाला पेरतात आणि पाळ दुरुस्त ठेवतात. त्याच्या पुढची ओळ होती: ही पेरणी टोल्याच्या संमतीने होते आणि पाळेवर टाकलेली माती हाच तिचा मोबदला असतो. तेरा शब्द. पानावर जाहिरात वाढली. संपादकांनी आत येऊन सांगितलं, "भाई, एक लाइन निकाल दे, कोई भी." कोणतीही. निवड माझ्यावर सोडली होती.

शेवटी आणखी एक वाक्य होतं: संध्याकाळी करूबोडीच्या पाण्यात सूर्य असा विरघळतो, की पाणी कोणतं आणि आकाश कोणतं, हे सांगता येत नाही. सोळा शब्द. ते काढलं असतं तर जागा जास्त मोकळी झाली असती. मला ते आवडलं होतं. मी तेरा शब्द काढले आणि सोळा ठेवले.

लेख छापून आला. लोकांनी कौतुक केलं, आणि कौतुक त्या सोळा शब्दांचंच झालं. तुम्ही नातीकडून तो वाचून घेतलात आणि मला फोन केलात.

"पेपर, मे महिन्यात गुडघाभर पानी होता. त्यात सूर्य कसा मावला?"

आपण दोघंही हसलो. तेरा शब्द गेल्याचं तेव्हा तुमच्या लक्षात आलं नव्हतं. नातीने शेवटचा भाग आधी वाचून दाखवला होता.

लक्षात आलं ते टोल्याने तलावावर सामूहिक हक्काचा दावा केल्यावर. मोठ्या गावाकडून हरकत आली आणि हरकतीला माझ्या लेखाचं कात्रण जोडलेलं होतं. तलावात मोठं गाव पेरतं, पाळ मोठं गाव राखतं, हे खुद्द वर्तमानपत्राने लिहिलं आहे, असं तिच्यात म्हटलं होतं. टोल्याचं नाव लेखात फक्त रस्ता सांगताना आलं होतं. एका कात्रणावर निकाल लागत नाही, हे मला माहीत आहे. पण दोन्ही बाजूंकडे कागद कमी असतात तिथे छापलेला कागद जड होतो, हेही मला माहीत आहे. ते माझं कामच आहे.

तुम्ही कात्रणाची झेरॉक्स घेऊन गोंदियाला कार्यालयात आलात. तुम्ही बसला नाहीत. कागद टेबलावर ठेवून विचारलंत.

"ते माती टाकाचा कोठी गेला?"

मी म्हणालो, जागा नव्हती, डेस्कने कापलं.

"डेस्क मनजे कोन?"

"आतले लोक. पान लावणारे."

तुम्ही काचेपलीकडे पाहिलंत. तिथे तिघं काम करत होते. "यातला कोनता?"

मी म्हणालो, तो आज रजेवर आहे.

मी ठरवून खोटं बोललो असं म्हणणं सोपं होईल. प्रश्न आला आणि उत्तर तोंडातून गेलं. पण त्यानंतर ते परत घ्यायला मला दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत आपण निदान चाळीस रविवार सोबत चाललो.

दुरुस्ती छापा, असा तुमचा आग्रह होता. लेखी द्या, असं मी म्हणालो. तुम्ही लेखी दिलंत. वरिष्ठांकडे पाठवतो म्हणालो. तो अर्ज माझ्या खणात राहिला. दुसरा दिलात, तोही राहिला. तिसऱ्या वेळी मी तुम्हाला नियम समजावला: छापलेलं चुकीचं असेल तर दुरुस्ती येते. इथे छापलेलं एकही वाक्य चुकीचं नाही. मोठं गाव पेरतं, हे खरं आहे. मोठं गाव माती टाकतं, हेही खरं आहे. मजकूर चूक नाही, फक्त अपुरा आहे.

तुम्ही त्या वेळी पाळेवर बसून जाळं विणत होता. गाठ मारता मारता विचारलंत, "जालाले एक मोठा भोक असन, तं तो जाल चुकीचा का अपुरा?"

मी म्हणालो, ते वेगळं.

"कसा वेगरा?"

त्यावर मी विषय बदलला. हा वाद तिथेच राहिला. त्यात तुमची बाजू बरोबर होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

टोल्यात माझ्यावर राग होता. मी आलो की काही जण उठून जात. तुम्ही माझी बाजू घेत होता, आणि ती तशी घेतली जाते आहे हे मी ऐकत होतो. "पेपरचा दोस नाई. त्याच्या साहेबाचा होय." त्या रजेवरच्या माणसाला तुम्ही विसरला नाहीत. दर भेटीला विचारायचात, त्याले आनतोस का? मी त्याले पार दाखवतो, चहा पाजतो, पाहून घेईल ना तो. तुम्हाला खरंच वाटत होतं की तो माणूस एकदा पाळेवर आला तर सगळं सरळ होईल.

शेवटची भेट तुम्ही जायच्या आठवडाभर आधीची. दुपार होती. बाज बाहेर अंगणात टाकली होती आणि तुम्ही उन्हात पडून होता. आवाज बसला होता. मी सांगायचं ठरवून आलो होतो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलंत.

"आनलास का त्याले?"

"पुढच्या वेळी आणतो," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आपण पाहणीबद्दल बोललो. डिसेंबरात तलाव भरलेला असतो, तळ दिसत नाही, कोणी कुठवर पेरतं ते पाण्याखाली असतं. साहेबाले कसा दाखवाचा, याची तुम्हाला काळजी होती. पाळेवरच्या करूच्या झाडापासून सुरुवात करीन, म्हणालात. मग थकलात.

परवा टेकचंदभाऊंचा फोन आला होता. आधी तुमच्याबद्दल बोलले. चांगला आदमी गेला, म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. मग मुद्द्यावर आले.

"सोमवारी तुम्ही येणार, ऐकलं."

"येणार आहे."

"जो छपा है, वही रहने दो ना साहेब. टोल्याले एकदा कागद भेटला, तं आमची पेरनी बंद करतील."

मी त्यांना विचारलं, टोल्याने आजवर कधी पेरणी बंद केली आहे का? ते म्हणाले, नाही. मग मी सांगितलं की पेरणी चालूच राहील असं लिहून द्यायला डोमाजी तयार होते, मला तसं दोनदा म्हणाले होते. "आता ते नाही ना," टेकचंदभाऊ म्हणाले. "कोन लिहून देईन?" त्यांची भीती खोटी नाही. घरची जमीन थोडी आहे, उन्हाळ्याचे चार महिने त्या तळावर निघतात. माझ्या गेलेल्या ओळीत त्यांचंही संरक्षण होतं. संमती लिहिली गेली असती तर ती दोन्ही बाजूंना धरून राहिली असती. हे मला कालपर्यंत सुचलं नव्हतं.

हे पत्र, म्हणजे हा लेख, उद्या रविवारी छापला जाईल. संपादकांनी वाचला आहे. "यार, ये स्मृतिलेख कहाँ है, ये तो बयान है," म्हणाले. मग लेखातल्या स्वतःच्या वाक्यापाशी थांबले. कोई भी, असं आपण म्हणालो होतो हे त्यांना आठवत नव्हतं. मला आठवतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पण छापण्याआधी टोल्यात सांगायला हवं होतं. आज सकाळी गेलो. तुमच्या पत्नी सगुणाबाई तुमच्या अंगणात धान पाखडत होत्या. मला पाहून शेजारचे चौघे आले. त्यातला एक म्हणाला, "या. बुढा गेला, आता फोटो काढाले आलात का?" सगुणाबाईंनी त्याला गप्प केलं नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. डेस्क वगैरे कोणी नव्हतं. ती ओळ मी कापली. डोमाजींना मी खोटं सांगितलं होतं.

सूप थांबलं नाही. दाणे पडत राहिले, कोंडा उडत राहिला. एवढ्या वेळात कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शेवटी सगुणाबाई सुपाकडे पाहतच बोलल्या.

"बुढा तुह्या साहेबाले शिव्या देत गेला. पेपर चांगला होय, मने, त्याचा साहेब हरामी." दोनदा पाखडून त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवसावरी त्या शिव्या भलत्याले गेल्या."

त्यांनी सुपात आणखी धान घेतलं.

"काउन काटलास?"

"जागा नव्हती."

"किती जागा पायजे होती?"

"तेरा शब्दांची."

"अना त्याच्या बदल्यात का ठेवलास?"

मी म्हणालो, दुसरं एक वाक्य.

"सांग."

ते मला पाठ आहे. टोल्याच्या अंगणात, पाच माणसांसमोर, मी ते म्हटलं. संध्याकाळी करूबोडीच्या पाण्यात सूर्य असा विरघळतो, की पाणी कोणतं आणि आकाश कोणतं, हे सांगता येत नाही. कोणी हसलं नाही. तुम्ही असता तर हसला असता.

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"चांगला हाये," त्या म्हणाल्या. "पन याच्यात आमी कोठी हावो?"

डोमाजी, सोमवारी पाळेवर तुमच्या जागी सगुणाबाई पुढे चालतील. मी त्यांच्या मागे राहणार आहे. त्या सांगतील ते लिहायचं, लिहिलेलं तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, आणि टोला हो म्हणाला तरच खाली सही करायची, अशी त्यांनी अट घातली आहे. वाचताना टेकचंदभाऊही हजर हवेत, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना फोन करून सांगितलं आहे. येतो, म्हणाले.